अळणी

दूध जळून कोळसा झालं होतं आणि शेजारीण दार बडवत होती, तेव्हा तो आतल्या खोलीत बसून भाजलेल्या लसणाच्या सुवासावर तिसरं वाक्य लिहीत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच घरात, बारा पावलांच्या अंतरावर चालल्या होत्या. दार उघडलं तर शेजारीण ओढणी नाकाला लावून उभी, आणि तिच्या मागे जिन्यात वरच्या मजल्यावरचे दोघं पाण्याची बादली घेऊन. "अहो, जिवंत आहात ना? पार गच्चीपर्यंत वास गेलाय. तुम्हाला आला नाही?" "सर्दी आहे," तो म्हणाला. "कधीपासून? मागच्या महिन्यातही होती," म्हणत ती त्याला बाजूला सारून स्वयंपाकघरात शिरली, गॅस बंद केला, पातेलं पकडीने उचलून मोरीत आदळलं, खिडक्या उघडल्या. "आणि रविवारच्या पेपरात तर तुम्हाला रस्त्यावरून तळघरातल्या पिंपाचा वास येतो!" हे तिने काही टोमणा म्हणून मारलं नव्हतं, ती त्याची निष्ठावंत वाचक होती आणि तिला खरोखरच कोडं पडलं होतं. मग जाताना दारात थांबून म्हणाली, "वहिनी होत्या तेव्हा..." आणि तिथेच थांबली. हे वाक्य सगळेच इथे तोडत. आठ महिन्यांत त्याला त्याची लांबी पाठ झाली होती: तीन शब्द, एक सुस्कारा, आणि चपला घालण्याचा आवाज.

सर्दी नव्हती. नाकच नव्हतं, म्हणजे दिसायला होतं, चांगलं सरळ होतं, पण कामाचं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मित्राच्या स्कूटरवरून तो मागच्या मागे डोक्यावर पडला. हाडं सगळी जागेवर राहिली, वास तेवढा गेला. "येईल परत," डॉक्टर म्हणाले होते, न सांगता खोली सोडून गेलेल्या भाडेकरूबद्दल म्हणावं तसं. तो आला नाही. जिभेवर उरले चार जण: गोड, आंबट, खारट, कडू. एवढ्या भांडवलावर माणूस फार तर सरबत ओळखू शकतो. आणि तरीही बावीस वर्षं शहरातले हॉटेलवाले त्याला बघून खुर्च्या पुसायला धावत, ऑफिसात त्याला 'जीभ' म्हणत. "जीभ आली का? जिभेचा मजकूर आला का?" हे कसं झालं ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतलं एक आठ महिन्यांपूर्वी गेलं.

झालं होतं ते असं, की आधीचे सदरलेखक पोटाच्या विकाराने रजेवर गेले, त्या धंद्यातलं ते हौतात्म्यच, आणि संपादकांनी, हा जरा गमतीदार लिहितो म्हणून, एका रविवारपुरतं सदर याच्या गळ्यात मारलं. तो बायकोला घेऊन हॉटेलात गेला. बायको पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर बाटल्यांवर तारखा लिहायची, हुंगायची, तक्ते भरायची. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "बटाटा धुरकट आहे." तो म्हणाला, "धुरकट म्हणजे?" "म्हणजे धुरकट, अहो." "पण म्हणजे कसं?" तिने काटा खाली ठेवला. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, एखाद्या बाटलीत अनपेक्षित काही तरंगताना दिसावं तसं. मग पर्समधून पेन काढलं आणि म्हणाली, "एकोणिसाव्या वर्षाआधी काय काय हुंगलं होतंत ते सांगा. सगळं. घाई नाही." जेवण निवून गेलं. त्या दुपारी कागदी रुमालांवर एक्केचाळीस वासांची यादी झाली, आणि प्रयोगशाळेची सवय म्हणून तिने त्यांना नंबर दिले. एक, उघडलेली कंपासपेटी. नऊ, वडिलांच्या शिवणयंत्राचं तेल. सव्वीस, ओलसर शर्टावर फिरलेली इस्त्री. तेहतीस, बहिणीची कापलेली वेणी, जी आईने वर्षभर डब्यात जपून ठेवली होती. त्यानंतर बावीस वर्षं ती घास घ्यायची, डोळे मिटायची नाही की मान डोलवायची नाही, ते काम त्याचं, फक्त टेबलाखाली वही धरून पुटपुटायची, "सव्वीस. वर थोडा नऊ. शेवटी एक." आणि तो, चार आकडे मनात मोजून मग भुवई उचलायची असं बसवलेला, भुवई उचलायचा. वाचकांना वाटे, काय उपमा सुचतात या माणसाला. मटणाच्या रश्श्यात शिवणयंत्राचं तेल कुणाला आठवतं? त्याला आठवत होतं, कारण त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतंच. आणि कधीकधी, तिने आकडा उच्चारला की क्षणभर, अगदी क्षणभर, डोक्याच्या मागच्या बाजूला कुठेतरी तो शर्ट खरोखर वाफाळायचा. हे त्याने कुठेच लिहिलं नाही. तिला सांगितलं होतं की नाही हेही आता त्याला आठवेना.

ती गेल्यावर सदर थांबेल असं त्याला वाटलं होतं, पण त्याने तिची वही उघडली. तो एका हॉटेलातले दोन पदार्थ छापायचा. तिने सात-आठ टिपलेले असायचे. हे उरलंसुरलं आठ महिने पुरलं. एका ठिकाणचं वर्णन दुसऱ्या ठिकाणच्या ताटात वाढायचं, एवढंच. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट एका हॉटेलवाल्याने, ज्याच्याकडे तो पदार्थ होतच नव्हता, तो घाईघाईने सुरू केला. पण एकेक ओळ वापरली की तो पेन्सिलीने तिच्यावर रेघ मारायचा, आणि रेघ मारलेली ओळ पुन्हा वाचली तर तिच्यातून बायकोचा आवाज यायचा नाही, स्वतःचाच यायचा, रविवारचा, छापील. गंमत म्हणजे वहीच्या शेवटच्या पाच भेटींत आकडे नव्हते. वाक्यं होती. 'भर दुपारी विहिरीचा ओला दोर हाताला लागावा तसं.' त्याला वाटलं होतं, बावीस वर्षं लेखकाबरोबर राहून शेवटी गुण लागला. ती ओळ त्याने, 'लहानपणी आमच्या विहिरीवर...' अशी सुरुवात करून, गेल्या वर्षी झोकात छापली होती. भावाचा फोन आला होता: "काय रे, आपल्याकडे विहीर कधी होती? आपण तिसऱ्या मजल्यावर राहायचो." दोघं खूप हसले होते. बायकोही हसली होती, थोडी उशिरा.

जळक्या पातेल्याच्या दिवशी वहीत चार ओळी उरल्या होत्या. त्याच दुपारी पुरवणीच्या संपादक मुलीचा फोन आला: "सर, द्राक्षाचा हंगाम आहे. त्या पट्ट्यातली तीन हॉटेलं, थोडी वाइन, पान भरून. गेल्या वर्षीचं तुमचं सूप अजून लोक विचारतात हो." तीन हॉटेलं, चार ओळी. म्हणजे परतल्यावर एक उरणार, आणि ती एक त्याने कितीतरी दिवस राखून ठेवली होती. कारण ती त्या पट्ट्यातल्याच सुपाच्या पानावर, सगळ्यात खाली, वेगळ्या शाईने होती आणि तिच्यात तो स्वतः होता: 'ह्यांनी चमचा थांबवला. माझ्याकडे पाहिलं. मग खाल्लं.' एखाद्या चवीचं याहून मोठं कौतुक त्याने वाचलं नव्हतं. ही कशासाठी वापरावी इतका चांगला पदार्थ त्याला अजून भेटला नव्हता, असं तो स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे ती वापरली की मग वहीत काही उरत नव्हतं. सदर बंद पडेल ही भीती होतीच, पण सदर बंद पडलं की माणूस निवृत्त होतो. ही ओळ संपली की काय होतं याला त्याच्यापाशी शब्द नव्हता.

सकाळच्या बसने तो निघाला. शेजारची सीट रिकामी होती आणि तिच्यावर त्याने, कुणी बसू नये म्हणून, पिशवी ठेवली. मग पिशवी तिथे फार जागा व्यापून बसल्यासारखी वाटली, म्हणून मांडीवर घेतली. शहर संपलं की उतारांवर ओळीच ओळी, तारेवर चढवलेले वेल, मधे टोपल्या घेऊन चाललेली माणसं. गेल्या वर्षी याच वळणावर ती खिडकीची काच खाली करून म्हणाली होती, "चौदा." चौदा म्हणजे ओला खडू. तिच्या डोक्याला तेव्हा रुमाल होता. "औषधानं केस जातात, जीभ नाही," हे तिने निघतानाच ठणकावून सांगितलं होतं, आणि तो सुटल्यासारखा हसला होता. आता त्याने काच खाली केली. वारा आला. वाऱ्याला काही नंबर नव्हता.

पहिलं हॉटेल काचेचं होतं, इतकं की आत जाण्याआधी दोन माणसं दार शोधत फिरत होती. तिथल्या वाइन ओतणाऱ्याने, लग्नातल्या फोटोग्राफरसारख्या अदबीने, पेल्यात दोन घोट ओतले आणि म्हणाला, "आधी नाकात घ्या सर." त्याने नाकात घेतली. चार आकडे मोजले. भुवई उचलली. "आलं ना लक्षात?" "आलं," तो म्हणाला, आणि वहीतली पहिली ओळ तिथे खर्ची पडली. सोबत आलेलं सूप पाण्यासारखं होतं. निदान ते त्याच्या आवाक्यातलं होतं, चार जणांपैकी एक गैरहजर. "मीठ?" त्याने विचारलं. वाइनवाल्याचा चेहरा उजळला. "तेच तर सर. मीठ आम्ही घालत नाही. या भागाची परंपरा आहे." "किती जुनी?" "फार जुनी." परंपरा अकरा महिन्यांची होती आणि तिचा जनक समोर बसला होता. गेल्या वर्षीच्या लेखात त्यानेच लिहिलं होतं, 'इथे मिठाला हात आखडता आहे, आणि हाच या मातीचा दिमाख.' दुसऱ्या हॉटेलात, जिथे ताटाऐवजी पिंपाच्या फळ्या देत, तीच परंपरा पुन्हा भेटली, तिथे तर भिंतीवर रंगवलेली. आजूबाजूला शहरातून आलेली कुटुंबं गंभीर चेहऱ्याने अळणी सूप खात होती. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "कळायला वेळ लागतो." बायको म्हणाली, "मला नाही लागला." दुसरी आणि तिसरी ओळही तिथे गेली, कारण पदार्थ दोन होते आणि संपादक मुलीला पान भरून हवं होतं. बाहेर येऊन पायरीवर बसून त्याने रेघा मारल्या. पेन्सिल बोथट होती. रेघा जाड आल्या.

तिसरं ठिकाण म्हणजे ते, गेल्या वर्षीच्या सुपाचं. द्राक्षाच्या गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा, त्याच्या कडेला चार टेबलांची खानावळ, पत्र्यावर पोरकट अक्षरांत 'प्रसिद्ध अळणी सूप'. आत शिरल्याबरोबर समोर त्याचंच कात्रण, चौकटीत, वर प्लास्टिकचा हार. आपण गेल्याची बातमी अशीच लागेल, त्याला वाटलं. तीनच्या सुमारास जागा रिकामी होती. तो खिडकीशी बसला, वजनकाट्याच्या बाजूला, आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या उन्हाकडे बघत राहिला. गेल्या वर्षी ऊन इथवर आलं नव्हतं. मधे ती होती. ते दोन वाडगे, पांढऱ्या घेवड्याचं सूप, त्यावर तेलाचा थेंब. त्याने पहिला चमचा घेतला होता आणि जीभ म्हणाली होती: मीठ नाही. साफ, बेधडक म्हणाली होती. त्या विषयात ती कधी चुकत नसे. चमचा हवेतच राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे खात होती. "कसं आहे?" "छान आहे," ती म्हणाली. झालं. बावीस वर्षांचा शिरस्ता होता. तिचा शब्द शेवटचा. आपल्या चार जणांच्या फाटक्या पंचायतीने तिच्याविरुद्ध उभं राहायचं म्हणजे हसं. त्याने सगळा वाडगा संपवला, मग 'पलीकडचं वाइनचं तळघर बघून येतो' म्हणून गेला, आणि बसमध्ये बसता बसता मिठाच्या आखडत्या हाताचं ते वाक्य त्याला सुचलं. तिने ऐकून 'वा' म्हटलं होतं आणि मान खिडकीकडे वळवली होती.

"साहेब! तुम्हीच ना ते?" खानावळीची बाई हात पुसत बाहेर आली. पन्नाशीची, रुंद, दोन्ही दंडांवर भाजल्याचे जुने डाग. "ओळखलं मी. फोटोत जरा केस आहेत तुम्हाला. आणि ताई कुठे? हात धुताहेत का?" तो म्हणाला, "ती गेली. आठ महिने झाले." बाई उभीच राहिली. मग न विचारता समोरच्या खुर्चीत, उन्हात, बसली. बाहेर काट्यावर एक गाडी चढली आणि काचा थरथरल्या. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हणजे तेव्हा. एवढ्या बारीक झाल्या होत्या... हात धरून बसले होते मी इथे, तुम्ही तळघर बघायला गेलात ना, तेव्हा." "का?" "का म्हणजे? रडत होत्या." बाईने पदराने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "'ह्यांना सांगू नका' म्हणाल्या होत्या. पण आता कुणासाठी राखायचं. त्या दिवशी बाहेर गाड्यांची ही रांग, आत गर्दी, आणि मी मीठच विसरले. अख्ख्या पातेल्यात चिमूट नाही. तुम्ही उठून गेल्यावर चाखलं, तेव्हा कळलं. पेपरवाले, म्हटलं, आता आपली काही धडगत नाही. धावत आले, ताई माफ करा, सूप अळणी गेलं. तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, 'अळणी होतं?' आणि रडायलाच लागल्या. मी म्हटलं, अहो एका मिठासाठी काय एवढं! तेव्हा सांगितलं त्यांनी. औषधापायी तीन महिने कशाचीच चव लागत नव्हती. दगड चावला तरी तेच."

बसमधला चौदा नंबर त्याच्या मनात आला, ओला खडू. तो तिने कुठून काढला होता? पाठ होती यादी, दुसरं काय.

"मग डोळे पुसले आणि वही काढली," बाई सांगत होती. "म्हणाल्या, मीठ घातल्यावर तुमचं सूप कसं लागतं ते सांगा. मी म्हटलं, सुपासारखं. तर म्हणाल्या, तसं नाही, कशाची आठवण येते? आता आम्हाला असं कधी कुणी विचारतं का? सांगत गेले. माझ्या माहेरी विहीर होती, दोर ओला असायचा, तसं काहीतरी येतं घेवड्याला. त्या लिहीत गेल्या. पेपरात आलं तेव्हा आमच्या ह्यांना दाखवलं, हे वाक्य माझं आहे म्हणून. ते म्हणाले, भाजी जळतेय."

त्या सुपानंतरच्या चार हॉटेलांत जेवताना बायको मधेच उठायची. "हात धुऊन येते." त्याला राग यायचा, किती वेळ हात धुते ही, सूप निवतं, आणि मुकाट्याने बसून तो भुवईचा सराव करायचा. आता त्याला ती पाठमोरी दिसली, रुमाल बांधलेली, भिंतीला किंचित टेकत टेकत, बेसिनला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिलेली, अनोळखी आचाऱ्यांना विचारणारी: कशाची आठवण येते? कुणाचं माहेर, कुणाची गोदी, कुणाच्या वडिलांची तंबाखूची पिशवी. आणि परत येऊन, बसून, दम खाऊन, त्याच्या ताटात वाढणारी. एका टेबलावर दोन माणसं, दोघांनाही काही लागत नाही, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघून म्हणताहेत छान आहे. हसू येण्यासारखं होतं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर त्याने यावर रविवार काढला असता.

"आणायचं ना सूप?" बाईने विचारलं. "तसलंच आहे. मीठ घातलं की गिऱ्हाईक परत पाठवतं, म्हणतं हे ते नव्हे. आमच्या घरी तर शिवत नाही कुणी." तिने वाडगा आणून ठेवला. एकच. त्याने चमचा तोंडाशी नेला. मीठ नव्हतं. जीभ तितक्याच साफपणे म्हणाली, तशीच, जशी त्या दिवशी म्हणाली होती. आणि त्याला दिसलं, की त्या दिवशी बायकोनेही पाहिलं होतं. त्याचा थांबलेला चमचा, वर आलेली नजर. नंतर, बाईने मिठाचं सांगितल्यावर, तिने तो चमचा पुन्हा आठवला असणार, आणि दुसऱ्या शाईने, बहुतेक या बाईचंच पेन मागून घेऊन, पानाच्या तळाशी लिहिलं असणार. ह्यांनी चमचा थांबवला. माझ्याकडे पाहिलं. मग खाल्लं. ते सुपाचं कौतुक नव्हतं. 'ह्यांना कळलं होतं', एवढीच ती नोंद होती, तारखेसकट, प्रयोगशाळेतल्यासारखी. बावीस वर्षांत एकदाच, जे तिला कळत नव्हतं ते त्याला कळत होतं. 'अगं, याला मीठ नाही,' एवढं तो म्हणाला असता, तर ती म्हणाली असती, 'हो का? मला काहीच लागत नाही हो आजकाल.' आणि मग शेवटचे ते चार महिने ती हात धुवायला उठली नसती. घरी बसली असती दोघं. काहीही खात.

"मीठ द्या," तो म्हणाला.

बाईने आतून बरणीच आणली. टेबलावर मीठदाण्या ठेवणं तिने वर्षापूर्वी बंद केलं होतं. त्याने चिमूट टाकली, ढवळलं, चाखलं, आणखी टाकली. बाई टेबलाशी वाकून बघत होती. "कसं झालंय?" तिने विचारलं, आणि त्याच्या लक्षात आलं की चार आकडे मोजायचे राहिले. "थोडं खारट झालं," तो म्हणाला. "माझ्या हातून." विहिरीचा दोर कुठे लागला नाही. त्याने तरी सगळं खाल्लं, सावकाश, तळ दिसेपर्यंत. मग वही काढली. राखून ठेवलेली ओळ तिथे होती, तिच्यावर रेघ नव्हती आणि आता कधी येणार नव्हती. फोन थरथरला, संपादक मुलगी विचारत होती, किती शब्द होतील. त्याने फोन पालथा घातला, बोथट पेन्सिल दाताने सोलून टोक काढलं, आणि बायकोच्या ओळीखाली, तिच्यासारखीच तारीख घालून, गेल्या वर्षीची, लिहिलं: मीठ नव्हतं.

मग ती ओळ पुसली जाऊ नये म्हणून बाईकडे पेन मागितलं, आणि त्याच अक्षरांवरून पुन्हा एकदा गिरवलं.